शार्लव्हुआचे विवर आणि शार्लव्हुआचे भूकंप: एका प्रकरणाचा अभ्यास

कॅनडातील क्युबेक शहरापासून सेंट लॉरेन्स नदीच्या प्रवाहाबरोबर ईशान्येकडे सुमारे १०० किलोमीटर गेले की शार्लव्हुआ हा डोंगराळ प्रदेश लागतो. पूर्व कॅनडातील सर्वांत सक्रिय भूकंपक्षेत्र हेच आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी कोट्यवधी वर्षांपूर्वी एक मोठा अशनी आदळून झालेले, सुमारे ५४ किलोमीटर व्यासाचे विवरही आहे. नकाशावर विवराचे वर्तुळ काढून त्यावर भूकंपांची केंद्रे मांडली, तर ठिपक्यांचा मोठा पुंजका वर्तुळाच्या आत पडतो. प्राचीन आघात आणि आजचे भूकंप यांचा काही संबंध आहे का, हा प्रश्न जगात अनेक ठिकाणी विचारला गेला आहे. पण तो पडताळून पाहण्याइतकी सामग्री एकाच जागी मिळावी, असे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. माझ्या मते या प्रकरणाचे उत्तर निव्वळ होकारात किंवा नकारात देता येत नाही, पण ते अस्पष्टही नाही. विवरामुळे भूकंप होतात असे म्हणता येत नाही. मात्र भूकंप कुठे व्हावेत आणि किती मोठे व्हावेत, यावर विवराचा ठसा निश्चित दिसतो.

भूकंपांचा इतिहास

या प्रदेशाचा लिखित भूकंप-इतिहास ५ फेब्रुवारी १६६३ च्या संध्याकाळपासून सुरू होतो. त्या वेळी येथे फ्रान्सची वसाहत होती आणि वस्ती अत्यंत विरळ होती. जेझुइट धर्मप्रसारकांनी पॅरिसला पाठवलेल्या वार्षिक वृत्तान्तांत आणि क्युबेकमधील मठवासिनी मारी द लँकार्नास्यों यांच्या पत्रांत त्या भूकंपाची सविस्तर वर्णने आहेत. नदीकाठचे उतार कोसळले, दरडींच्या मातीने पाणी दीर्घकाळ गढूळ राहिले, आणि धक्के अनेक महिने येत राहिले. मनुष्यहानीची नोंद नाही, ती मुख्यतः वस्ती विरळ आणि घरे लाकडी असल्यामुळे. त्याची तीव्रता साधारणतः ७ मानली जाते. अमेरिकन भूकंपशास्त्रज्ञ जॉन एबेल यांनी २०११ साली जुन्या नोंदी पुन्हा तपासून ती ७.५ च्या आसपास असावी, असे मांडले.

त्यानंतर १७९१ आणि १८६० साली सुमारे ६ तीव्रतेचे, १८७० साली सुमारे ६.५ तीव्रतेचा आणि २८ फेब्रुवारी १९२५ च्या रात्री ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. याचा अर्थ, लिखित नोंदींच्या साडेतीनशेहून थोड्या अधिक वर्षांत ६ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे पाच भूकंप एकाच लहानशा पट्ट्यात झाले. हा पट्टा नदीच्या दिशेने सुमारे ८५ किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद आहे. आजही तेथे दरवर्षी दोनशेहून अधिक लहान भूकंप नोंदले जातात, त्यांतील बहुतेक माणसाला जाणवतही नाहीत. ज्या खंडीय भूभागाच्या जवळपास कोणत्याही भूपट्टाची सीमा नाही, तेथे इतकी सातत्यपूर्ण हालचाल असणे ही मोठी विसंगती आहे आणि तिचे कारण शोधणे शास्त्रज्ञांना भागच होते.

विवराचा शोध

विवर मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कुणाच्या ध्यानात आले नव्हते. बे-सें-पॉल या गावापासून आत वळून ला माल्बे येथे पुन्हा नदीवर येणारी अर्धवर्तुळाकार दरी आणि तिच्या मध्यभागी ७६८ मीटर उंचीचा माँ देझेबूलमाँ हा डोंगर, ही भूरचना लोकांच्या डोळ्यांसमोरच होती. १९६० च्या दशकाच्या मध्यात झेआँ राँदो या भूवैज्ञानिकाला तेथील खडकांत शॅटर कोन आढळले. खडकाच्या ताज्या फुटलेल्या बाजूवर एका टोकापासून पसरत गेलेल्या, घोड्याच्या शेपटीसारख्या बारीक रेघा आणि त्यांतून साकारलेला शंकूचा आकार, असे त्यांचे रूप असते. हाताने चाचपले तरी त्या रेघांचे उंचवटे जाणवतात. असे शंकू प्रचंड वेगाने आलेल्या आघातलहरींखेरीज निसर्गात तयार होत नाहीत. पुढे क्वार्ट्झच्या कणांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी आघातजन्य समांतर पातळ्यांची जाळीही सापडली आणि विवराबद्दल शंका उरली नाही.

वर्तुळाचा साधारण अर्धा भाग जमिनीवर आहे. उरलेला नदीखाली आणि दक्षिण तीरावरील ॲपलाचियन पर्वतरांगेच्या खडकांच्या बाजूला असल्यामुळे दिसत नाही. मधला डोंगर हा आघातानंतर तळ उसळून वर आल्याने झालेला मध्यवर्ती उंचवटा आहे. विवराच्या वयाबद्दल जुना अंदाज सुमारे ३४ कोटी वर्षांचा होता. अलीकडच्या कालमापनाने तो मागे सरकून सुमारे ४५ कोटी वर्षांवर गेला आहे. पुढच्या विवेचनासाठी या दोहोंपैकी कोणता आकडा धरला तरी फरक पडत नाही, आणि तो का पडत नाही हे लगेच स्पष्ट होईल.

पहिला संशय

विवराचा शोध लागल्यावर काही वर्षांतच, १९७० आणि १९७४ साली, येथे तात्पुरती भूकंपमापक यंत्रे बसवून सूक्ष्म भूकंपांच्या पाहण्या झाल्या. १९७७ पासून कायमस्वरूपी स्थानिक जाळे उभे राहिले. भूकंपांच्या जागा प्रथमच अचूक कळू लागल्या आणि त्यांतील बऱ्याचशा विवराच्या आत असल्याचे दिसून आले. आघाताने पृथ्वीचे कवच खिळखिळे झाले आहे आणि आजचा भूपट्टातला ताण त्या कमकुवत जागी मोकळा होतो, ही कल्पना तेव्हा पुढे आली. ती अगदी स्वाभाविक होती. ज्या कुणी तो नकाशा पाहिला असेल, त्याच्या मनात हेच आले असणार.

परंतु जागा जितक्या अचूक होत गेल्या, तितके हे सरळ चित्र विस्कटत गेले. तीन गोष्टी त्यात बसेनात.

पहिली गोष्ट भूकंपांच्या मांडणीची. भूकंपशास्त्रज्ञ फ्रँक अँग्लिन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की हे भूकंप विवराच्या वर्तुळाप्रमाणे गोलाकार पसरलेले नाहीत. ते नदीला समांतर अशा दोन लांबट पट्ट्यांत विभागलेले आहेत, हे पट्टे आग्नेयेकडे झुकत खोल जातात आणि त्यांच्या मध्ये तुलनेने शांत भाग आहे. गोल आकाराच्या कारणाचा परिणाम सरळ रेषेत दिसत असेल, तर कारण निराळे असण्याची शक्यता गांभीर्याने घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट खोलीची. भूकंपांच्या नाभी, म्हणजे जमिनीखाली ते जेथे सुरू होतात त्या जागा, पृष्ठभागापासून जवळजवळ ३० किलोमीटर खोलीपर्यंत आढळतात. या आकाराच्या आघाताने खडक मोठ्या प्रमाणात भंगलेला असण्याची खोली त्याच्या निम्म्याहूनही कमी मानली जाते. म्हणजे नाभींचा एक मोठा हिस्सा अशा खडकात आहे, ज्याला अशनीने फारसे मोडलेलेच नाही. हा खडक ग्रेनव्हिल काळातला, सुमारे १०० कोटी वर्षांचा कठीण नाइस (उष्णता आणि दाबाने रूपांतरित झालेला खडक) आहे.

तिसरी गोष्ट पट्ट्याच्या लांबीची, आणि मला स्वतःला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ८५ किलोमीटरचा पट्टा ५४ किलोमीटरच्या वर्तुळात मावत नाही. तो विवराबाहेर, विशेषतः ईशान्येकडे, पुढे जातो. मोठे धक्के प्रामुख्याने या टोकांकडचे आहेत. १९२५ चा भूकंप ईशान्य टोकाजवळ झाला आणि १९७९ सालचा ५ तीव्रतेचा धक्काही तिकडचाच होता. विवराचा अंतर्भाग छोट्या धक्क्यांनी गजबजलेला, पण मोठे धक्के काठावर किंवा काठापलीकडे, अशी ही विभागणी आहे.

त्याहून जुनी चीर

या तिन्ही गोष्टींना जोडणारा दुवा विवरापेक्षा जुना आहे. सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वी येथे एक प्राचीन खंड दुभंगू लागला आणि आयपेटस नावाचा, आता नाहीसा झालेला, महासागर उघडला. त्या दुभंगण्यात किनाऱ्याला समांतर अशी खचदरी, म्हणजे जमीन खचून झालेली लांबट दरी, आणि तिच्या कडेने आग्नेयेकडे उतरणारे मोठे भ्रंश, म्हणजे ज्यांवर खडक सरकतात अशा भेगा, तयार झाले. सेंट लॉरेन्स नदी आज बहुतांशी त्याच खचदरीतून वाहते. शार्लव्हुआत सें-लॉराँ भ्रंश, गूफ्र भ्रंश आणि शार्लव्हुआ भ्रंश ही त्यांतली ओळखलेली नावे आहेत. अशनी ३४ कोटी वर्षांपूर्वी पडला असो वा ४५ कोटी, तो पडला तेव्हा हे भ्रंश तेथे होतेच. आधीच चिरलेल्या कवचावर आघात झाला, हा क्रम कोणत्याही कालमापनाने उलटत नाही.

दोन पट्टे, त्यांचा आग्नेयेकडील झुकाव, मोठी खोली आणि विवराबाहेर जाणारी लांबी, या साऱ्यांचा उलगडा या भ्रंशांनी होतो. ताणाचा उगमही ठाऊक आहे. अटलांटिकच्या मधोमध नवे कवच तयार होताना उत्तर अमेरिकेच्या भूपट्टावर जो रेटा बसतो, त्यामुळे या भागातले कवच साधारणपणे ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने दाबले जात आहे. शिवाय हिमयुगातला किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचा बर्फ सुमारे १२,००० वर्षांपूर्वी वितळून गेल्यावर जमीन अजूनही वर उचलली जात आहे आणि ही हालचाल त्या दाबात भर घालते. भ्रंश मूळचे ताणले जाऊन उघडले होते, पण आज ते दाबाखाली उलट्या दिशेने सरकतात. येथील बहुतेक भूकंपांची यंत्रणा तशीच आहे.

अशा खचदरीत विवर नसतानाही भूकंप होतात, याचे पुरावे दूर शोधावे लागत नाहीत. याच नदीच्या खालच्या अंगाला लोअर सेंट लॉरेन्स नावाचे दुसरे भूकंपक्षेत्र आहे, तेथे कोणतेही ज्ञात विवर नाही. २५ नोव्हेंबर १९८८ रोजी सॅगने भागात ५.९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची नाभी सुमारे २९ किलोमीटर खोल होती आणि जागा शार्लव्हुआच्या वायव्येला, विवराच्या पूर्णपणे बाहेर, पण सॅगने खचदरीच्या कडेला होती. अमेरिकेतील न्यू मॅड्रिडचे १८११-१२ चे विनाशकारी भूकंपही एका गाडल्या गेलेल्या जुन्या खचदरीतले आहेत.

इतर विवरांची साक्ष

एखाद्या संबंधाची पारख करताना, तो जिथे दिसतो तेवढीच जागा पाहून भागत नाही. तो जिथे दिसायला हवा होता आणि दिसत नाही, त्या जागाही पाहाव्या लागतात. शॉन सॉलोमन आणि एलिझाबेथ डक्सबरी या शास्त्रज्ञांनी १९८७ साली हेच केले. जगातील सुमारे तीस मोठ्या विवरांच्या आसपास भूकंपांचे प्रमाण त्या त्या प्रदेशाच्या सर्वसाधारण प्रमाणापेक्षा जास्त आहे का, हे त्यांनी तपासले. जवळजवळ सर्व विवरांपाशी ते जास्त नव्हते. उठून दिसणारी दोन ठिकाणे म्हणजे शार्लव्हुआ आणि दक्षिण आफ्रिकेतील फ्रेडेफोर्ट. त्यांपैकी फ्रेडेफोर्टच्या परिसरात खोल सोन्याच्या खाणी आहेत आणि खाणकामामुळे तेथे भूकंप होतात, हे सर्वज्ञात आहे. शार्लव्हुआचा पट्टा तर विवराबाहेर जातो.

शार्लव्हुआपासून सुमारे साडेचारशे किलोमीटर उत्तरेला असलेले मॅनिक्वागन विवर या संदर्भात फार बोलके आहे. व्यास जवळपास दुप्पट, वय सुमारे २१.४ कोटी वर्षे, म्हणजे शार्लव्हुआपेक्षा पुष्कळ तरुण, आणि खडक त्याच कॅनेडियन ढालक्षेत्राचा, म्हणजे खंडाच्या अतिप्राचीन, कठीण गाभ्याचा. आघाताने कवच कमकुवत होणे हेच भूकंपांचे पुरेसे कारण असते, तर मॅनिक्वागन शार्लव्हुआहून अधिक हादरायला हवे होते. प्रत्यक्षात तेथे उल्लेखनीय असा भूकंपपट्टा नाही, आणि त्याच्या पोटातून सेंट लॉरेन्ससारखी खचदरीही जात नाही.

मराठी वाचकाच्या मनात येथे लोणार येणे साहजिक आहे. बुलढाणा जिल्ह्यातील हे विवर बेसॉल्ट खडकात झालेले असल्यामुळे जगभरच्या अभ्यासकांना मोलाचे वाटते, पण भूकंपांच्या चर्चेत त्याला ओढणे योग्य नाही. त्याचा व्यास दोन किलोमीटरहूनही कमी आहे आणि तेवढ्या आघाताने खडक काही शेकडो मीटरपर्यंतच भंगतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी ज्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ते ठिकाण लोणारपासून सुमारे २०० किलोमीटर दूर आहे आणि तो भूकंप बेसॉल्टच्या थरांखालच्या प्राचीन खडकातील भ्रंशावर, काही किलोमीटर खोल झाला. हिंगोली-नांदेडकडचे अलीकडचे धक्के लोणारला त्याहून जवळ असले, तरी खोलीचा हिशेब तेथेही तसाच आहे. ज्या भंगलेल्या थराची जाडी नाभीच्या खोलीपुढे नगण्य आहे, त्याला नाभीचे कारण ठरवता येत नाही.

मग विवर निरपराध आहे का

इथपर्यंत आल्यावर विवराला प्रकरणातून वगळून टाकावे, असे वाटू शकते आणि काही काळ बऱ्याच अभ्यासकांचा कल तसाच होता. पण तसे केल्यास एक निरीक्षण अनुत्तरित राहते: खचदरी शेकडो किलोमीटर लांब असताना इतके भूकंप नेमके शार्लव्हुआतच का? आणि लहान धक्क्यांची दाटी विवराच्या आतच का?

कॅनडाच्या भूसर्वेक्षण विभागातील मोरीस लामोंताञ यांनी येथील सूक्ष्म भूकंपांचा अनेक वर्षे अभ्यास केला. विवराच्या आतील धक्के मोजक्या मोठ्या भ्रंशांवर रांगेने होत नाहीत, तर वेगवेगळ्या दिशांच्या असंख्य लहान भेगांवर विखरून होतात, असे त्यांतून दिसले. सलग दगडात छिन्नीने घातलेली चीर पार टोकापर्यंत जाते, पण आधीच फुटलेल्या दगडात ती पहिल्या तड्यापाशी अडते. विवराच्या आतील खडकाचे तसेच झाले असावे. धक्के पुष्कळ, परंतु एकही भेग लांबवर फाटू शकत नाही, म्हणून ते लहानच राहतात.

किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठातले ॲलन बेअर्ड, स्टीव्हन मॅकिनन आणि लॉरेंट गोडिन यांनी २००९ आणि २०१० साली संगणकीय प्रतिरूपे तयार करून हा प्रश्न पुढे नेला. त्यांच्या पद्धतीतला साधेपणा मला फार भावतो, कारण त्यांनी दोन्ही संशयितांना वेगवेगळे करून तपासले. प्रतिरूपात फक्त मऊ पडलेले विवर ठेवले आणि त्यावर प्रादेशिक दाब दिला, तर दाब विवराला वळसा घालून बाजूच्या कठीण खडकातून जातो. कमकुवत भाग ओझे उचलत नाही, म्हणून तेथे भूकंपही फारसे अपेक्षित नाहीत. हे मूळ कल्पनेच्या नेमके उलट आहे. त्यात खचदरीचे कमकुवत भ्रंश घातले की चित्र पालटते. भ्रंशांच्या कडा ताणाला बाजूला पसरू देत नाहीत, तो त्यांच्या मधल्या पट्ट्यातून विवरात लोटला जातो आणि आतील तुटक्या खडकात लहान धक्क्यांची गर्दी होते. त्याच वेळी विवराच्या सीमेबाहेर भ्रंश सलग असल्यामुळे तेथे लांब फाटण्याला आणि म्हणून मोठ्या भूकंपाला वाव राहतो. विवराच्या आतील धक्क्यांवरून काढलेली दाबाची दिशा प्रादेशिक दिशेपेक्षा वळलेली का येते, याचाही उलगडा या मांडणीत बऱ्याच अंशी होतो.

प्रतिरूप हा पुरावा नव्हे, हे खरे. भ्रंश किती कमकुवत मानायचे आणि विवराच्या खडकाचा ताठरपणा किती कमी धरायचा, हे गृहीत धरावे लागते. तरीही प्रत्यक्ष नोंदींतल्या तिन्ही विसंगती एकाच यंत्रणेतून निघतात, हे मी या मांडणीचे मोठे बळ मानतो. विवर नसते तर कदाचित हा प्रदेश लोअर सेंट लॉरेन्ससारखाच एक भूकंपपट्टा असता. भ्रंश नसते तर तो मॅनिक्वागनसारखा शांत असता.

धोक्याच्या आखणीतील परिणाम

या प्रश्नाचे व्यावहारिक मोल येथे आहे. विवर हेच कारण मानले, तर धोक्याची सीमा विवराच्या वर्तुळावर आखली जाईल आणि सर्वांत मोठे धक्के जिथे संभवतात, ती टोके वर्तुळाबाहेर राहतील. नदीच्या दोन्ही तीरांवरची गावे, मऊ सागरी चिकणमातीचे उतार आणि त्यावरचे रस्ते यांच्या दृष्टीने ही चूक महागात पडू शकते. १६६३ साली दरडी दूर सॅगनेच्या खोऱ्यापर्यंत कोसळल्या होत्या. रोजचे लहान धक्के ताण हलका करतात, हा समजही येथे टिकत नाही. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. ७ तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा मोकळी व्हायला ३ तीव्रतेचे सुमारे दहा लाख धक्के लागतील आणि शार्लव्हुआत वर्षाला होणाऱ्या दोन-अडीचशे धक्क्यांपैकी बहुतेक त्याहूनही लहान असतात.

एक पर्यायी मत अजून मिटलेले नाही. एबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली सुचवले की आजचे लहान धक्के हे १६६३ च्या भूकंपाचेच, शतकानुशतके रेंगाळलेले, पश्चात्कंप (मोठ्या भूकंपामागोमाग येणारे धक्के) असू शकतात. भूपट्टांच्या सीमांवर ताण झपाट्याने साठतो, म्हणून तेथे पश्चात्कंप काही वर्षांत सरतात. खंडाच्या पोटात तो इतका मंद साठतो की ते शेकडो वर्षे चालू शकतात. तसे असेल, तर शार्लव्हुआतली आजची दाटी १६६३ साली कोणता भाग फाटला याची खूण ठरेल, पुढचा मोठा भूकंप कुठे होईल याची नव्हे. याची छाननी १६६३ पूर्वीच्या मोठ्या भूकंपांचा माग काढूनच होऊ शकते, आणि त्यासाठी यंत्रांच्या नोंदी अपुऱ्या आहेत. सॅगने फ्योर्डच्या, म्हणजे तेथील खोल, अरुंद खाडीच्या तळाशी १६६३ च्या दरडींनी आणलेल्या गाळाचा स्पष्ट थर सापडला आहे. त्याच्या खालच्या गाळात आणखी मागचे असे थर शोधून त्यांची वये ठरवली, तर येथे मोठे भूकंप किती काळाने परततात, हे यंत्रांच्या आधीच्या हजारो वर्षांसाठीही सांगता येऊ लागेल.